पिवळ्या फरश्यांचा फूटपाथ

सांगलीजवळच्या एका नगरपालिकेत, बांधकाम खात्यात मी ज्युनिअर इंजिनिअर आहे. चहाला चारजण जमलो की किस्से निघतातच. एका फाइलमागं चार किस्से! सगळे हसतात, मीही हसतो. पण फूटपाथचा विषय निघाला की मला लाज वाटते. त्यातल्या प्रत्येक गाढवपणावर माझी सही आहे.

*

फूटपाथसाठी पहिला अर्ज चंपाक्कांचा. सत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. रोज सकाळी उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं काठी टेकत बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात जायच्या. दोनदा गटारात पडल्या. दर महिन्याला ऑफिसात येऊन विचारायच्या, "लेकरा, फूटपाथ कवा?"

"निधी आला की लगेच, आक्का!" असं मी तीन वर्षं सांगत होतो.

*

निधी आला तो फेब्रुवारीत. मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत! आम्ही घाईघाईनं सर्व्हेला निघालो, जीपमधून. मी म्हटलं, "साहेब, जरा उतरून चालत बघूया का?"

साहेबांनी काच वर केली. "येडा हायस का रं? ह्या रस्त्यानं चालतंय व्हय कोण? मरशील की!"

मग मीही बसूनच मापं लिहिली.

*

उद्घाटनाला मला उशीर झाला. रस्त्यावर जागा नव्हती, म्हणून मोटारसायकल चढवली फूटपाथवर! फीत कापायला आलेले पाहुणे भडकले, "कुणाची गाडी हाय ही?"

सगळ्यांबरोबर मीही इकडंतिकडं बघितलं.

*

निधीच्या पुढच्या हप्त्यासाठी फूटपाथ वापरणाऱ्या लोकांचे फोटो हवे होते. लोक सवयीनं रस्त्यावरूनच चालायचे. शेवटी खात्यातले आम्ही चौघंच शर्ट बदलून बदलून चाललो. फाइल शेरा मारून परत आली, "सर्व छायाचित्रांत तेच चार इसम दिसतात. दिव्यांग व्यक्तीचे छायाचित्र जोडावे."

*

मग मीच चंपाक्कांना घेऊन आलो. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. अंधांसाठी मधोमध पिवळ्या, उठावाच्या रेघांच्या फरश्या बसवल्या होत्या. आक्कांचा पाय त्यांवर ठेवला आणि सांगितलं, "आक्का, ह्या रेघा सोडायच्या नाहीत. थेट बस्तीच्या दारात जाल." त्या म्हणाल्या, "हात सोड, माजी मी जाते."

फोटोसाठी आम्ही रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. आक्का झपाझप चालत होत्या. एवढं ताठ चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तेव्हा कुठं मला पुढचं दिसलं. फरश्या सरळ जाऊन विजेच्या लोखंडी डीपी बॉक्सला भिडल्या होत्या! मी ओरडलो, पण मधे उसाचे ट्रॅक्टर आडवे आले.

पोचलो तेव्हा आक्कांनी बॉक्सचं कुलूपबंद दार चाचपलं होतं. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या आणि त्या हात जोडून उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच वळून म्हणाल्या,

"बस्ती लय जवळ केलीस रं लेकरा!"