भावाची सुई

“लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?” डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावर होती. माझ्या छातीवर थंडगार जेल होतं आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चालू होती.

“आला होता. पण माझ्या भावाच्या हृदयाला त्रास झाला, माझ्या नाही,” मी म्हणाले.

“आजी, ही झडप तुमची आहे.”

मी गेले होते खोकल्यासाठी. जिना चढताना धाप लागायची, दोन उशांशिवाय झोप यायची नाही, पण ते मी वयाच्या आणि तर्रीपोह्याच्या नावावर टाकलं होतं. निघालं भलतंच. मायट्रल स्टेनोसिस. हृदयातली एक झडप जाड होऊन आवळते, दार किलकिलंच उघडतं. कारण र्‍हुमॅटिक फीव्हर. मुलांचा घसा धरतो, नीट औषध झालं नाही तर काहींना पुढे हा ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात. झडप मात्र गुपचूप खराब होत राहते.

बाहेर बाकावर येऊन बसले आणि सुनेला, प्रियाला, सगळं सांगायला लागले.

आमचं गाव नागपूरजवळचं, कुहीकडचं. त्या हिवाळ्यात माझा आणि धाकट्या बबनचा, दोघांचाही घसा धरला. मग दोघांचे सांधे सुजले. आज गुडघा, उद्या मनगट, परवा घोटा. आईनं दोघांना एकाच वाटीतलं गरम तेल चोळलं. सारखं झालं ते एवढंच. पुढे बाबांनी बबनला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं आणि दर तीन आठवड्यांनी त्याला पेनिसिलिनची जाड सुई सुरू झाली. हृदयाला पुन्हा धक्का बसू नये म्हणून ती वर्षानुवर्षं चालली. मला कोणी नेलं नाही. मी काय केलं असेल? खूश झाले.

बबन सुई घेऊन लंगडत घरी आला की मी शहाणी अंगणात त्याची नक्कल करत लंगडायची. त्याला धावायला मनाई, म्हणून बाबा त्याला सायकलवर शाळेत सोडायचे. मी मागून पायी. अर्ध्या वाटेत दम लागला की बांधावर बसायची. मास्तरांनी उशिराची तक्रार केली, आणि घरी ठरलं की पोरीचं शाळेत मन नाही. सातवीत शाळा सुटली तेव्हा मी गणिताचं पुस्तक स्वतःच्या हातानं सरपणात ठेवलं आणि बबनची कीव केली. बिचारा, सुईही खातो आणि शाळेतही जातो. इतकी अक्कल होती मला.

मी हे अगदी रंगवून सांगत होते. प्रिया हसेना. मला कळेना, गंमत कुठे चुकली.

आम्हाला पुन्हा आत बोलावून डॉक्टरबाई म्हणाल्या, “मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्यानं झडप उघडता येईल. पण उशीर नको. आत रक्ताची गुठळी झाली तर लकवा येऊ शकतो.”

“नातवाची बारावी होऊ द्या,” मी म्हणाले. “नंतर बघू.”

“नातवाला हे निघालं असतं तर कशाची वाट पाहिली असती?”

मी पिशवी उचलली आणि प्रियाला म्हटलं, चल घरी.

संध्याकाळी बबन घरी आला. प्रियानं फोन केला होता. मला, मोठ्या बहिणीला, तो बाईच म्हणतो.

“बाई, काहून नाही म्हणून राहिली वं?”

“तुले टोचून घ्यायची सवय आहे. मले नाही.”

तो हसला नाही. म्हणाला, “पहिल्यांदा मले नेलं ना, तवा त्या डॉक्टरनं बाबाले विचारलं होतं, घरी आणखी कोण्या लेकराले असा ताप आला का म्हणून. बाबा म्हणाले, एक पोरगी आहे, पण ती दणकट आहे. मी तिथंच बसलो होतो. मले वाटलं, चला, बाई वाचली.”

“तुलेही वाटलं, मी वाचली?”

“हो ना वं.”

आम्ही दोघं म्हातारे हसत सुटलो. मग तो रडायलाच लागला, आणि मी त्याची पाठ थोपटत बसले. आजारी मी, आणि समजूत त्याची.

राग कोणावर करावा ते मला अजून कळलेलं नाही. बाबा नागपूरला गांधीबागेच्या बाजारात गेले की माझ्यासाठी आठवणीनं रिबिनी आणायचे. तेल चोळताना आईनं कधी हात आखडला नाही. प्रेम नव्हतं म्हणावं तर ते खोटं. होतं म्हणावं तर ही झडप समोर. दोन्ही एकाच घरात कसं राहत होतं?

फुग्यासाठी मी हो म्हटलं ते काही समजून नाही. सकाळी पुन्हा “नंतर बघू” म्हणायला गेले आणि तो आवाज मला बाबांचा वाटला. बस, एवढंच.

आधी टीईई झाली. यात इकोचीच नळी घशातून गिळवतात आणि हृदयात गुठळी नाही ना, ते मागून बघतात. तेवढा वेळ मी गप्प होते, घरच्यांनी सुख भोगलं. फुग्याच्या वेळी तुम्ही जागे असता. क्षणभर गरगरतं, घाबरू नका. डॉक्टरबाई माझ्याशी बोलत राहिल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरात मुलीचा घसा सारखा धरत असेल, ताप येऊन सांधे एकामागून एक सुजत असतील, चालताना ती मागे पडत असेल, तर तिचं मन कशात आहे ते नंतर शोधा. आधी डॉक्टरला दाखवा. एका लेकराला नेत असाल तर दुसऱ्यालाही सोबत घ्या.

नळी काढल्यावर नर्सनं पलंग सपाट केला. मी उशी मागणार होते, पण श्वास आला. आत, खाली, पोटापर्यंत, कुठेही न अडता. खरा आहे का बघायला मी पुन्हा घेतला.

“प्रिया, तुला श्वास असाच येतो?”

“असाच म्हणजे?”

“म्हणजे ओढावा न लागता.”

ती गोंधळली. “हो आई. सगळ्यांनाच येतो.”

मी छताकडे बघत पडून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळेच धापा टाकत चालतात, फक्त मी जरा आळशी आहे.