वनिताच्या कार्डावर माझं हृदय

काल लेकीची हृदयाची तपासणी होती. ईसीजीच्या खोलीबाहेर तिचं नाव पुकारलं आणि मीच ताडकन उठले... एकदम नेरूळचं आमचं कॉलेज आठवलं.

नव्वदच्या दशकातलं नेरूळ म्हणजे मोकळे प्लॉट आणि भन्नाट वारा. दोन खांब रोवले की खो-खोचं मैदान तयार. मी आणि शेजारच्या शिरवणे गावची वनिता एकाच टीममध्ये होतो. लेक्चरला एकमेकींची प्रॉक्सी लावण्यात तर आमचा हात कोणी धरला नसता.

टूर्नामेंटच्या आधी कॉलेजात डॉक्टर तपासायला आले. माझ्याकडे आमच्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं, तेही न तपासता दिलेलं. वनिता मात्र छातीला स्टेथोस्कोप लावणार म्हणून लाजेने अर्धी झाली.

"तूच जा ना माज्या नावानं," म्हणाली. गेले... प्रॉक्सी तर लावायची!

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. मग वनिताच्या कार्डावर लिहिलं, हृदयात वेगळा आवाज येतोय, मोठ्या हॉस्पिटलात तपासणी होईपर्यंत खेळायचं नाही.

मी हादरले, पण खेळ सुटेल या भीतीने वनितालाच गप्प राहायची शपथ घातली. ती बिचारी रेषेबाहेर बसली आणि मी धावत राहिले... आजही लाज वाटते.

कॉलेजचा निरोप तिच्या घरी गेला. आई रडायला लागली तसं वनिताने सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे वनिताची आई, सरळ मैदानात शिरल्या आणि मी धावत असतानाच माझं मनगट धरलं.

"थांब पोरी! ते कालीज तुजं हाय."

मग स्वतः घरी येऊन त्यांनी माझ्या आईला समजावलं. हॉस्पिटलात कळलं, हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड आहे... मला कधी साधा दमही लागला नव्हता, पण तशीच धावत राहिले असते तर जिवावर बेतलं असतं. खो-खो सुटला. मी महिनाभर वनिताशी अबोला धरला, एवढी मी शहाणी!

हा दोष घराण्यात उतरू शकतो, म्हणून लेकीची तपासणी. रिपोर्ट नॉर्मल आला. काकू आज असत्या तर आधी त्यांच्या पाया पडले असते... पहिला फोन वनिताला केला.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आत लेकच गेलेली ना?"