रिकाम्या खाटेची नाडी

लढाईच्या दिवसांत प्रवरेकाठी पटकीची साथ आली, तेव्हा मी नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. वय एकोणीस, आणि आपल्यावाचून जगाचं कसं होणार ही काळजी. आम्हा चौघींना कोल्हारला पाठवलं. शाळेतली बाकं काढून वर्गांत खाटा टाकल्या होत्या. निघताना वडिलांनी बजावलं, "एक तक्रार आली की शिकणं बंद." घरी दोन पोरांचा बाप असलेला एक बिजवर माझी वाटच बघत होता.

म्हणून मी दमायचंच नाही असं ठरवलं. दोघी आजारी पडल्या, तिसरी रडून परत गेली. मी आपली दोन वर्ग एकटी सांभाळतेय! सकाळच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या घोरायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर एकटीच मोठ्यानं "आमेन" म्हणायचे. एकदा तर रोग्याचं थर्मामीटर स्वतःच्याच काखेत लावून बसले.

बाराव्या दिवशी साथीची गावं फिरत आमच्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. सातव्या खाटेचा तक्ता घेऊन वाचू लागल्या, "नाडी ठीक. पेज प्यायली. शांत झोप." मग त्यांनी खाटेकडे बघितलं. खाट रिकामी.

तेवढ्यात त्या खाटेवरची म्हातारी दारातून आत आली, काखेत दवाखान्याची घोंगडी.

"आजी, कुठं होतात?" बाईंनी विचारलं.

"म्या परवाच घरी गेल्ते की! म्हस सुनंला दूध देईना. ही घोंगडी चुकून नेल्ती, उकळून आनली."

म्हणजे दोन दिवस मी रिकाम्या खाटेची नाडी मोजत होते. पेजसुद्धा पाजली होती!

"बाई, वडिलांना कळवू नका," मला रडूच फुटलं.

"शेवटची झोपलीस कधी?"

"झोप? मला लागतच नाही, बाई." रडतानाही ऐट बघा!

म्हातारीनं माझं मनगट धरलं. "आडवी हो गं बये. तुझ्यापरास माझी म्हस शानी, दमली की बसती तरी."

चादर बदलून मला त्याच खाटेवर निजवलं. उठले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर दोन्ही वर्ग डॉक्टरीणबाईंनी सांभाळले होते आणि माझ्यावाचून कुणाचंही अडलं नव्हतं. त्याचा मला भारी राग आला.

चिठ्ठी गेली होती, पण वडिलांना नव्हे. आणखी दोन नर्सा पाठवा, म्हणून नगरला. त्या आल्या, तेव्हा मी दारातच त्यांना ऐकवलं, "या कामात झोपून चालत नाही हं!"

डॉक्टरीणबाई मागंच उभ्या होत्या. रोज दुपारी दोन तास मला खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, असा हुकूम सुटला. साथ संपेपर्यंत त्या दोघींनी तो फार आनंदानं पाळला.