चौकात विझणारा दिवा

नोव्हेंबर लागला की बोर्गो वाल्लानात चार वाजल्यापासूनच अंधारून येतं. त्यात पो नदीवरून धुकं गावात शिरलं की समोरच्याचं नाक दिसेल तर शपथ. अशा दिवसांत ओरियानो सायकलवाला पाचच्या ठोक्याला दुकानाचं शटर ओढायचा आणि अर्देआच्या बारमध्ये खिडकीपाशी येऊन बसायचा. खिडकीसमोर गोल चौक. पाच वाजून दहा मिनिटं झाली की नदीच्या बाजूने सायकलचा एक पिवळट दिवा यायचा. थरथरत, कुठलीही घाई नसल्यासारखा. चौकाच्या तोंडाशी यायचा आणि विझायचा. मग काहीच नाही, नुसतं धुकं.

"आज पण आली," ओरियानो म्हणायचा.

"कोण आली? गप कॉफी पी, गार होतेय," अर्देआ म्हणायची. पण कप विसळता विसळता तीही एकदा खिडकीकडे बघून घ्यायची.

ओरियानोची बायको निवेस गेल्या नोव्हेंबरात याच चौकात गेली. याच वेळेला. भाजीच्या गोदामाची व्हॅन होती. ड्रायव्हर रस्त्यात गुडघे टेकून रडत होता म्हणे, मला काही दिसलंच नाही, काहीच दिसलं नाही, एवढंच बडबडत होता.

आता या चौकाबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल. पूर्वी इथे साधा चौरस्ता होता. सायकलवाले जायचे, गाडीवाले थांबायचे, कधी शिव्या द्यायचे, पण थांबायचे. मग नगरपालिकेला सुधारणेचा झटका आला. नकाशे घेऊन माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने तरी जन्मात कधी सायकलवर टांग मारली असेल असं वाटत नव्हतं. त्यांनी मधोमध गवताचं वाटोळं केलं आणि कडेने लाल रंगाचा सायकलमार्ग आखला. मोजून ऐंशी पावलं. कब्रस्तानाच्या भिंतीपाशी सुरू होतो आणि औषधवाल्याच्या पायरीवर संपतो. त्या ऐंशी पावलांवरही कायम कुणीतरी गाडी लावून गेलेलं असतं. दोनच मिनिटं हं, म्हणतात. अहो, तुमच्या दोन मिनिटांत माणूस केस कापून घरी येतो. आणि चौकाच्या चारी तोंडांशी पाट्या लावल्या: सायकलस्वारांनी उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. म्हणजे गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवायचा त्रास नको म्हणून सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी भर रस्त्यात चढ-उतार करत बसायचं. याला म्हणे सुरक्षा.

निवेस आधी उतरत नसे. ती रोज दुपारी नदीकाठी राहणाऱ्या आजारी बहिणीकडे जायची, तिला सूप भरवायची आणि पाचच्या सुमाराला परत यायची. गुडघे दुखायचे तिचे. सायकलवर बसली की बसली, उतरायचं ते थेट घरी. गाड्या पायरीवर चढवून ठेवणाऱ्यांना कुणी हटकत नव्हतं, पण निवेसला मात्र देनिसने पकडलं. देनिस गावचा वाहतूक पोलीस. तो शेंबडा होता तेव्हा त्याच्या पहिल्या सायकलचं पंक्चर ओरियानोनेच काढलं होतं. पावती फाडताना त्याचे कान लाल झाले होते, पण फाडली त्याने.

पावती घेऊन निवेस घरी आली तर ओरियानो तिच्यावरच उखडला. "पाटी वाचता येत नाही का तुला? सायकलवाल्याच्या बायकोला दंड. गावभर बोभाटा होणार आता. उतरायला काय तुझा जीव जातो?"

तिने पावती टेबलावर ठेवली आणि पाणी उकळायला टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती उतरायला लागली.

अपघातानंतर पोलिसांचा अहवाल आला. त्यात एक ओळ होती: सायकलचा दिवा पेटलेला नव्हता, सबब मयत व्यक्तीचा निष्काळजीपणाही अपघातास कारणीभूत. ही ओळ ओरियानोच्या घशात अडकून बसली. बायकोचं मरण त्याने दात आवळून कसंतरी सोसलं असतं, पण हा शब्द? निवेस आणि निष्काळजी? जी कपाटातल्या चादरी टोकाला टोक जुळवून ठेवायची ती? आणि गावात लोक हळहळून बोलायचे तेसुद्धा असंच बोलायचे. बिचारी निवेस, पण धुक्यात दिव्याशिवाय निघायचं म्हणजे... पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे. त्याला तेच जास्त लागायचं.

पोलिसांनी चार महिन्यांनी सायकल परत दिली. पुढचं चाक पार वेडंवाकडं झालेलं. पण डायनामो टायरला टेकलेला होता. म्हणजे तिने तो लावलेला होता. ओरियानोने चाक सरळ केलं, हाताने फिरवलं, आणि दिवा लख्ख लागला. त्या दिवसापासून तो प्रत्येकाला ऐकवायचा, ड्रायव्हर खोटं बोलतोय, दिवा चालू होता. माझ्या हातचा डायनामो आहे, बंद पडेलच कसा? तो शब्द अहवालातून निघत नाही तोवर मी मरणार नाही, असं त्याने अर्देआला दहादा तरी सांगितलं असेल. आणि रोज पाचला खिडकीपाशी येऊन बसायचं. दिवा यायचा, विझायचा. तिला काहीतरी सांगायचंय, असं त्याला वाटे. एवढी वर्षं शेजारी झोपलेलं माणूस उगाच कशाला येईल?

एका संध्याकाळी त्याला राहवेना. दिवा दिसला तसा तो कप तसाच टाकून बाहेर पडला, अंगावर कोटही न चढवता. चौकाच्या तोंडाशी दिवा विझला. ओरियानो अंधारात हात पुढे करून चालत राहिला. तोंडाने तो हळूच म्हणाला, "निवेस?"

"कोण आहे?" धुक्यातून आवाज आला. "ओरियानो, तुम्ही? अहो, केवढी दचकले मी."

ती मिल्वा होती. नदीकडच्या इस्त्रीच्या दुकानात काम करते ती. हातात सायकल धरून उभी होती.

ओरियानोला एक क्षण रडूच आलं. मग तो तिच्यावर खेकसला. "दिवा का बंद केलास? अक्कल आहे का? मरायचंय का तुला पण?"

"मी कुठे बंद केला?" मिल्वा म्हणाली. "पाटी आहे म्हणून उतरले. चाक थांबलं की दिवा जाणारच ना. तुमचाच डायनामो आहे, तुम्हीच बसवलाय. अर्ध्या गावाला तुम्हीच बसवून दिलेत की."

ती सायकल ढकलत पलीकडे गेली. चाक रेंगाळत फिरत होतं. दिव्याच्या जागी काजव्याएवढं काहीतरी लुकलुकलं आणि तेही गेलं. ओरियानो तिथेच उभा राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, काच खाली करून त्याच्या आईचा उद्धार केला आणि निघून गेला. ओरियानोच्या ते कानावर पडलं नाही. पन्नास वर्षं त्याने डायनामो बसवले होते. चाक थांबलं की दिवा जातो हे त्याच्या दुकानातल्या मांजरालाही माहीत होतं. आणि इतके महिने तो ड्रायव्हरला खोटारडा म्हणत होता.

मग दुसरी गोष्ट वर आली. ती तो वर्षभर दाबून बसला होता. निवेसने बॅटरीचा दिवा मागितला होता. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर दुकानातच, गिऱ्हाईकांसमोर. त्या चौकात उतरलं की फार अंधार होतो रे, म्हणाली होती. ओरियानो हसला होता. बॅटरीचा दिवा म्हणजे खेळणं, असं त्याचं मत होतं. माझ्या बायकोच्या सायकलवर खेळणं लावलं तर माझ्याकडून डायनामो कोण घेईल, असं काहीतरी तो बोलला आणि गिऱ्हाईकंही हसली. तिने त्यावर काय उत्तर दिलं होतं तेही त्याला आठवलं. त्यानंतर दोन दिवस तो बारमध्ये फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी तो देनिसकडे गेला. "अहवालातली ती ओळ चुकीची आहे," म्हणाला. "चल, चौकात दाखवतो."

देनिस नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण त्याने मुकाट्याने टोपी घातली. संध्याकाळी पाचला तो स्वतःची गाडी घेऊन कब्रस्तानाच्या बाजूने आला, अगदी हळू. ओरियानो निवेसची सायकल घेऊन नदीच्या बाजूने आला. दिवा लख्ख होता. पाटीपाशी तो उतरला. दिवा गेला. तो सायकल ढकलत रस्त्यात शिरला तेव्हा त्याला गाडीचे दोन्ही दिवे स्पष्ट दिसत होते. एवढे स्पष्ट, की आपणही त्या माणसाला दिसतोय असंच वाटावं. तिलाही तसंच वाटलं असणार. ओरियानो मध्येच थांबला.

गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबली. देनिस खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही येणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "माहीत असून दिसला नाहीत."

दोघं चौकीत आले. मग देनिसने पुरवणी अहवालाचा कागद काढला.

"मी दंड केल्यावर त्या रोज उतरायच्या," तो कागदाकडे बघतच म्हणाला. "मी चौकात असलो की मला दाखवून दाखवून उतरायच्या. वर विचारायच्या, 'काय रे पोलिसा, जमलं का?' मी हसायचो."

देनिसने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. डायनामो सुस्थितीत. पाटीवरील सूचनेनुसार सायकलस्वार खाली उतरल्यामुळे दिवा विझला. मयत व्यक्तीचा निष्काळजीपणा नाही.

"झालं," तो म्हणाला. "वरच्यांना हे आवडणार नाही, पाटी त्यांची आहे. पण मी हे पाठवणार. बाईंवरचा ठपका गेला, सिन्योर ओरियानो. तुम्ही घरी जा आता."

ओरियानो उठला नाही. याच शब्दासाठी तो वर्षभर जगला होता आणि आता तो शब्द गेला होता. दाराबाहेर धुकं होतं. तो उठून गेला असता तर कुणालाही काहीही कळलं नसतं.

"अजून लिहायचंय," तो म्हणाला. "तिने बॅटरीचा दिवा मागितला होता. दोनदा. मी दिला नाही. माझ्या दुकानात खोकं भरून पडले होते."

देनिसने पेन खाली ठेवलं. "कशाला उगाच? त्याला इथे रकानाच नाही."

"मग समासात लिही. तिच्यावरचा ठपका काढलास ना? मग तो कुणावर तरी जायला हवा. सगळा त्या पाटीवर नको."

"सगळा तुमच्यावरही नको," देनिस म्हणाला.

"तुझा तू बघ. माझा लिही."

देनिसने पेन उचललं. थोडं लिहून तो थांबला. "तुम्ही नाही म्हणालात, मग त्या काय म्हणाल्या?"

ओरियानोने दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले. नखांतलं काळं तेल पन्नास वर्षांत कधी निघालं नव्हतं.

"म्हणाली, तुला त्यातलं कळतं. तू म्हणतोस तर असेलच बरोबर."

देनिसने तेही लिहिलं आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.