जहागीरदारांची मोटार आणि मानवतचा नवरदेव

ती मोटार मी आजही विसरलेले नाही, आणि तिच्यापायी मी केलेली ऐट तर त्याहून नाही.

परभणी जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. लोक मात्र फौजदारांना निजामाच्या वेळेसारखं अमीनसाबच म्हणायचे. ठाण्यात नवी भरती झालेली मी एकटीच बाई. मोटारींची पारख असावी तर मला, असा माझा दावा होता. ट्रेनिंगला मी मोटारींच्या तक्त्यासमोर बसायचे, एवढाच त्याला आधार. प्रत्यक्षात सरकारी बस सोडली तर मी कशातही बसले नव्हते.

फिर्याद एका जहागीरदारांची होती. त्यांची परदेशी बनावटीची जुनी, लांबलचक मोटार शेडमधून गायब झाली होती. कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं; शेड वर्षभर कुणी उघडलीच नव्हती. ओळख पटवायला एक पिवळा पडलेला फोटो तेवढा होता. मी भिंग लावून खुणा टिपल्या: नाकावर पंख पसरलेला पक्षी, बाजूला अडकवलेलं जादा चाक, आणि दोन दिव्यांतला डावा जरा खाली मान घातलेला.

काही दिवसांत खबऱ्यानं मानवतहून बातमी आणली. जिनिंगला कापसाच्या बैलगाड्या हाकणाऱ्या एका तरुणाचा अशाच मोटारीतला फोटो घरात लावलेला आहे. शिपाई त्याला फोटोसकट घेऊन आला. फोटोत हे महाशय फेटा बांधून चाक धरून बसलेले. पक्षी होता, जादा चाक होतं, दिव्यानं मानही खाली घातलेली होती. मी टेबलावर असा हात आपटला, की दौत लवंडली.

चौकशीत गडी तोंड उघडेना. शेवटी मी म्हणाले, तुझं लग्न ताडकळसला ठरलंय ना, मग सासऱ्याकडेच विचारपूस करते. त्याचा चेहरा उतरला.

"मीच चोरली, बाईसाहेब. लिवून घ्या. पर ताडकळसला जाऊ नका."

मी आनंदानं लिहून घेतलं. मोटार कुठे आहे विचारलं, तर सकाळी ती गोदावरीत बुडाली होती आणि दुपारी हैदराबादेत विकली गेली होती. फौजदारसाहेबांनी त्याला मोटार चालू कशी करतात ते विचारलं. तो म्हणाला, "आदी जरा चुचकारायचं."

साहेबांनी मिशीआड हसू दाबलं आणि मला त्याच्या घराच्या झडतीला पाठवलं. घरात काही मिळालं नाही. पण पंच म्हणून शेजाऱ्याला बोलवायला गेले, तर त्याच्या भिंतीवर तीच मोटार. आत तो, बायको आणि चार पोरं. पलीकडे न्हाव्याच्या घरी तीच मोटार. त्याच्या पलीकडे एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन त्याच मोटारीत बसलेली. मी सगळे फोटो जप्त केले आणि ठाण्यात येऊन सलाम ठोकला. "साहेब, टोळी आहे. अख्खी गल्ली सामील आहे."

साहेबांनी फोटो ओळीनं मांडले. "म्हातारी पण?"

"तीच म्होरकी असावी, साहेब."

"बाई, मोटारीत गल्ली बदलते, पण मोटारीखालची सतरंजी तीच कशी? चाकांनी तिला एक चुणीसुद्धा पाडलेली नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवडी बाजारात एक फोटोवाला तंबू लावायचा. त्याच्याकडे लाकडी फळीवर रंगवलेली मोटार होती. मागे बाक, आणि चाक तेवढं खरं. त्या फोटोवरच आमच्या गड्याची सोयरीक जमली होती. मोटार हाकतो असं त्यानं सासऱ्याला सांगितलं होतं. फळीचं बिंग फुटलं असतं तर लग्न मोडलं असतं. त्यापेक्षा तुरुंग परवडला, असा त्याचा हिशेब.

पण दिव्याची मान? फोटोवाला म्हणाला, वालूरला एका गोठ्यात उभ्या असलेल्या मोटारीकडे बघून त्यानं ती रंगवली होती. गोठा निघाला जहागीरदारांच्या धाकट्या भावाचा. कडब्याच्या पेंढ्यांआड मोटार सापडली, पक्ष्याच्या डोक्यावर कोंबडी बसलेली. घरातली बाब म्हणून जहागीरदारांनी फिर्याद काढून घेतली.

बातमी ताडकळसला पोचायची ती पोचलीच. सासरा मुलीला घेऊन ठाण्यात हजर झाला. सोयरीक मोडली म्हणून तो सगळ्यांदेखत सांगायलाच आला होता. नवरदेव व्हरांड्यात खांबाला चिकटून उभा. मुलीनं टेबलावरचा फोटो उचलला.

"दादा, ही बाजारातली मोटार हाय. मी अन् आत्या बसलो होतो की हिच्यात."

सासरा थबकला. "मंग आदी का न्हाई बोललीस?"

"तुमी लय खुशीत होता. अन् मला कुठं मोटारीसंगं नांदायचंय?"

लग्न झालं. मी जेवायला गेले होते. नवरदेव वरातीला बैलगाडी स्वतः हाकत होता, आणि त्यात त्याची ऐट फोटोतल्यापेक्षा बरी होती.

पुढे कितीतरी कबुलीजबाब घेतले. माणूस पटकन कबूल झाला की मी आधी लेखणी खाली ठेवायचे आणि हा नेमका कशाला भितोय ते बघायचे. एवढं त्या फळीनं मला शिकवलं.

आज माझ्या बैठकीत एक फोटो आहे. गणवेशातली मी, हात चाकावर, पुढे पक्षी. फोटोवाल्याची जप्त केलेली फळी परत द्यायच्या आधी काढून घेतलेला. नातवंडं विचारतात, आजी, ही मोटार तुझी? मी हो म्हणते. चौकशीला कुणी आलंच, तर ती गोदावरीत बुडाली आहे.