ओरेगॉनच्या वाटेवरचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतकं जमिनीचं वेड असलेला दर्यावर्दी साऱ्या सिंगापुरात शोधून सापडायचा नाही. मरीन इंजिनिअर म्हणून पस्तीस वर्षं जहाजांवर काढून ते यिशुनच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले, आणि मनाने मात्र बैलगाडीत बसून अमेरिकेच्या पश्चिमेला निघाले. झालं असं, की एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तिकडच्या बंदरात अडकलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एक जाड पुस्तक मिळालं. एकोणिसाव्या शतकात घरदार आवरून बैलगाड्यांतून पश्चिमेला गेलेल्या बिऱ्हाडांच्या रोजनिश्या. तेव्हापासून मिसूरी ते ओरेगॉन ही दोन हजार मैलांची वाट त्यांना गावच्या पाणंदीसारखी पाठ. पीठ किती घ्यायचं, बैलाचा खूर फुटला तर काय करायचं, नदी ओलांडताना गाडीच्या फटींत डांबर कसं भरायचं, हे सगळं ते कुणी न विचारता सांगत. गणपतीत मुलांशी चार शब्द बोलायला मंडळाने बोलावलं, तर मामा चाळीस मिनिटं नदीच्या पाण्यातच. शेवटी माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, जस्ट टेक द ब्रिज ला." मामा गंभीरपणे म्हणाले, "पूल असता तर रोजनिशी कुणी लिहिली असती?"

हॉलच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला या वाटेचा नकाशा होता. मामी त्याखाली बसून भाजी निवडत आणि सगळं ऐकत. एकदा त्यांनी सहज विचारलं, "ही माणसं गेली खरी, पण तिथे आधी राहत होती त्यांचं काय झालं?" मग महिनाभर लायब्ररीतून पुस्तकं आणून, हुसकावल्या गेलेल्या एकेका जमातीचं गाव मामांनी निळ्या पेन्सिलीने नकाशावर भरलं. "मी अर्धीच गोष्ट सांगत होतो," मला म्हणाले.

गेल्या वर्षी मामी आजारी पडल्या. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मामा रोज त्यांच्या उशाशी बसून रोजनिश्या वाचून दाखवत. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी वाचता वाचता पुस्तक मिटलं होतं. पुढे बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडायचा म्हणून आजारी बाईला मागे ठेवून गाड्या निघतात, असा भाग आला होता.

"हे मला कधी पटलं नाही," मामा म्हणाले.

मामी म्हणाल्या, "आपली शैला झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मामांनी चष्मा काढला. मामींच्या आवाजात राग नव्हता, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड असावं.

"चिलीच्या किनाऱ्याला," ते म्हणाले. "तार आठ दिवसांनी मिळाली."

"आणि सासूबाई गेल्या तेव्हा?"

मी डबा ठेवून बाहेर पडलो. त्यानंतर त्यांनी पुस्तक उघडलं नाही. मामी विचारत, मामा सांगत. कुठलं बंदर, कुठला महिना, त्या दिवशी काय खाल्लं, घरची आठवण आली की नाही. मधूनच मामी हसत आणि म्हणत, "तेव्हा इकडे मी काय केलं माहीत आहे का?" मग त्या सांगत. असं दीड महिना चाललं.

मामी गेल्या. आता रविवारी मी यिशुनला जातो. आम्ही दोघं चहा घेतो, मामा फारसं बोलत नाहीत. परवा मात्र कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तिने विचारलं ते बरं झालं. मला आपलं वाटायचं, तिला सगळं ठाऊकच आहे."