साडूभाऊंनी बसवलेला बोर्ड

जगातली कुठलीही वस्तू आपल्या जागेवर टिकून राहील, यावर आमच्या साडूभाऊंचा काडीइतकाही विश्वास नाही. लग्नात आपण जिलबीकडे बघत असतो, तेव्हा ते मांडवाचा खांब हलवून बघत असतात. कुणाच्या घरी गेले की आधी डोक्यावरच्या पंख्याकडे नजर, मग खुर्ची हातभर बाजूला. एकदा मेव्हण्याच्या बैठकीत त्यांनी एकेकाला असं सरकवत नेलं, की सगळे पाहुणे भिंतीला चिकटून बसले आणि पंखा रिकाम्या सतरंजीला वारा घालत राहिला. पुसेगावला त्यांची शेती आहे. तिथं उघड्यावर तेवढे ते निवांत असतात. "आभाळाला स्क्रू नाहीत, म्हणून ते पडत नाही," असं मी एकदा गमतीनं म्हणालो, तर त्यांनी त्यावरही जरा वेळ विचार केला.

माझ्या बायकोनं हिंगोलीत ब्लाऊज शिवायचं दुकान काढलं, तेव्हा या काळजीची झळ आम्हाला पहिल्यांदा नीट बसली. कितीतरी वर्षं घराच्या कोपऱ्यात मशीन चालवल्यावर तिला स्वतःच्या नावाचं दुकान मिळत होतं. आतून दिवे लागून चमकणारा बोर्ड तिनं हौसेनं करून घेतला होता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी. बोर्ड बसवणारे दोघं दुपारी आले, भिंतीला भोकं पाडून त्यात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकू लागले, आणि नेमके तेव्हाच साडूभाऊ एसटीतून उतरून पोचले. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्यांनी एक स्क्रू उचलला.

"हा तर फोटो टांगायचा स्क्रू हाय."

"काका, आमी सगळीकडं हेच लावतो," त्यातला एक म्हणाला.

"सगळीकडं लावता, म्हणून तर मला झोप न्हाई."

मग त्यांनी भिंतीला कान लावला. बोटानं ठोकत ठोकत, डॉक्टर छाती तपासतो तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "गिलावा सुटून राहिला. आतून पोकळ हाय." मला उगाचच घाम फुटला.

ते मला हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. लोखंडी स्क्रू नको, पावसात गंजतो. आखूड नको, गिलाव्यातच संपतो. गिलावा ओलांडून दारावरच्या सिमेंटच्या बीममध्ये जाऊन फुगून बसणारे स्टीलचे फास्टनर पाहिजेत, आणि वर रुंद वायसर. "बोर्ड वजनानं न्हाई पडत, वाऱ्यानं पडते," ते मला समजावत होते. "वारा मागून घुसून त्याला पुढं ओढते." दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, बोर्ड लावायलात का रेल्वेचा पूल?" तेवढ्या लांबीचे फास्टनर त्याच्याकडे नव्हतेच. नांदेडहून उद्या संध्याकाळी येतील, म्हणाला.

हे हिला सांगायचं कुणी? मी चपला काढण्यात वेळ घालवला. शेवटी साडूभाऊंनीच सांगितलं.

"दाजी, उद्या लोक येणार," हिचा आवाज चढला. "बिननावाचं दुकान दाखवू त्यांना?"

"बाई, दारात बाया उभ्या राहतील. कडेवर लेकरं असतील. मला ते दिसून राहिलं."

ही तडक वळली. आत जाऊन कापड न लावताच मशीन चालवत बसली. साडूभाऊ बाहेर त्या पोकळ भिंतीजवळ उभे, आणि मी उंबऱ्यात; कुणाची समजूत काढावी ते कळेना.

सकाळी येऊन बघतो तर त्यांनी बोर्ड दाराशेजारी दोन खुर्च्यांवर ठेवून सुतळीनं घट्ट बांधला होता, वायर जोडून दिवेही लावले होते. पाहुण्यांना वाटलं, हीच नवी पद्धत असेल. बायका बोर्डाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. सासूबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "हिचं नाव कुठं हाय यात?" आणि मी दाखवल्यावर त्या चमकत्या अक्षरांवरून सावकाश हात फिरवत राहिल्या. ते बघून ही आत गेली आणि दाजींसाठी पहिला चहा घेऊन आली. दोघं एकमेकांशी बोलले मात्र नाहीत.

संध्याकाळी फास्टनर आले. बोर्ड बीमवर चढला. तरीही साडूभाऊ पुढे कधी आले, तर दुकानात शिरताना त्याच्याखालून नाही, कडेनं शिरायचे.

आता गुडघ्यांमुळे ते पुण्याला लेकाकडे असतात, अकराव्या मजल्यावर. गॅलरीत पाऊल टाकत नाहीत, असं सून सांगते. मागच्या महिन्यात आम्ही दुकान मोठ्या जागेत हलवायला काढलं, आणि बोर्ड काही केल्या निघेना. शिडीवर चढलेल्या माणसाचा पाना घसरू लागला. मी कौतुकानं साडूभाऊंना फोन लावला. "साडूभाऊ, तुमचा बोर्ड हलायला तयार नाही!"

मला वाटलं, खूश होतील.

"वर कोणी चढलंय काय?"

"व्हय."

"शिडी कोणी धरली?"

"मीच धरलीय. एका हातानं."

"मंग बोलून काहून राहिले? फोन ठेवा. दोन्ही हातांनी धरा."

मी फोन खिशात टाकला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. वर बोल्ट अजून कुरकुरत होता. आणखी थोडा वेळ तो नाहीच निघाला तरी चालेल, असं मला वाटून गेलं.